सोमवारची पोटदुखी

‘श्यामची आई’तली पोहण्याची गोष्ट बहुतेक मराठी घरांना ठाऊक आहे. विहिरीच्या पाण्याला घाबरणारा श्याम घरात लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मार देते आणि पोहायला धाडते. श्याम पोहून येतो, आणि मग त्याच आईचा जीव कळवळतो. ती त्याला दही देते. साने गुरुजींनी हे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्याआधी, १९२४ ते १९३० या काळात, ते आपल्या खानदेशात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयात घर सोडून आलेल्या मुलांना सांभाळत होते. आजारी मुलांची त्यांनी शुश्रूषा केली, मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवलं.

गुरुजी अमळनेरला रुजू झाले त्याच वर्षी, १९२४ मध्ये, अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या तरुण मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. पीटर सशाला पाहून किंचाळायचा. बाईंनी त्याला खुर्चीत बसवून आवडता खाऊ दिला आणि ससा पिंजऱ्यात, खोलीच्या दूरच्या टोकाला ठेवला. पीटर खाऊ खात राहील इतपतच ससा रोज थोडा जवळ आणायचा, असा क्रम ठेवला. सशाला न घाबरणारी मुलंही त्याच्याबरोबर खेळायला असत. शेवटी पीटरने सशाला कुरवाळलं. मुलांच्या भीतीवर आज जगभर जे उपचार होतात, त्यांचं मूळ या हकिगतीत आहे.

श्यामच्या आईला एक गोष्ट पक्की कळली होती, की घाबरलेल्या मुलाला लपू दिलं तर भीती वाढते. तिथवर ती बरोबर होती. मात्र छडीच्या बाबतीत, तिच्याबद्दल पूर्ण आदर ठेवूनही, मी तिच्या बाजूने नाही. छडीने मूल एकदा पाण्यात उतरेल. पण पाण्याची भीती जाण्याऐवजी तिला माराची भीती जोडली जाण्याचाच संभव जास्त. श्यामच्या वाट्याला ते दहीही आलं होतं. आपल्याकडे बऱ्याच मुलांच्या वाट्याला फक्त छडी येते.

जळगाव-धुळ्याच्या घरांत मुलांची भीती सहसा भीती म्हणून समोर येत नाही. ती पोटदुखी होऊन येते. रविवारी दिवसभर हुंदडणारा मुलगा सोमवारी सकाळी दप्तर भरताना म्हणतो, “माय, पोटमा दुखी ऱ्हायनं.” आई ओवा-मीठ देते, आजी दृष्ट काढते, वडील म्हणतात नाटकं करतोय. शाळेची वेळ टळली की दुखणं थांबतं, आणि वडिलांचा संशय पक्का होतो. संशय साहजिक आहे, पण चुकीचा आहे. दुखणं खरंच असतं आणि खरंच थांबतं.

धोका दिसला की मेंदू शरीराला लढायला किंवा पळायला तयार करतो. मेंदूच्या आत, कानशिलाच्या बाजूला, बदामाच्या आकाराचा अमिग्डाला नावाचा भाग आहे. केळीच्या बागेतला राखणदार जसा खसफस ऐकताच आरोळी ठोकतो, रानडुक्कर आहे की वारा हे मागाहून बघतो, तसं याचं काम. त्याच्या आरोळीसरशी मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून अॅड्रिनलिन सुटतं. छाती धडधडते, श्वास उथळ आणि जलद होतो, तळहातांना घाम येतो. रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं आणि पोटाकडचं कमी होतं. पचन मंदावतं, आतड्यांच्या हालचाली बिघडतात. म्हणून पोटात कळ येते, मळमळतं, पुन्हा पुन्हा शौचाला जावंसं वाटतं. जलद श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यामुळे चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये या यंत्रणेचं सविस्तर वर्णन केलं. सापासमोर ती जीव वाचवते. चिंतेचा विकार असलेल्या मुलात ती फळ्यापाशी उभं राहण्याच्या नुसत्या विचाराने सुरू होते, आणि आपल्या पोटात कळ का आली हे त्या मुलालाही सांगता येत नाही.

भीती वाटणं मात्र आजार नाही. आठ-नऊ महिन्यांचं बाळ अनोळखी माणूस दिसला की आईच्या पदरात तोंड लपवतं. तीन ते सहा वर्षांत अंधार आणि भूत, सात ते दहा वर्षांत चोर, अपघात, आई-वडिलांचा मृत्यू, आणि पुढे लोक काय म्हणतील ही धास्ती. ही वाढीची पावलं आहेत आणि बहुतेक मुलं ती ओलांडतात. काळजी कधी करायची? भीती आठवड्यांमागून आठवडे टिकली आणि मुलाच्या आयुष्यातून काही हिरावून घेऊ लागली, तेव्हा. शाळा सुटली, झोप उडाली, मित्र तुटले, मामाच्या गावाला जाणं बंद झालं, आई विहिरीवर गेली तरी मूल रडून आकांत करू लागलं. घरात भरभरून बोलणारी एखादी मुलगी शाळेत महिनोन्महिने शब्दही काढत नाही; तिला हट्टी किंवा मुखदुर्बळ म्हणून सोडून दिलं जातं, पण तेही बऱ्याचदा चिंतेचंच रूप असतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षांच्या मुलांत चिंतेच्या विकारांचं प्रमाण ३.६ टक्के आढळलं. सर्वेक्षण झालेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. खानदेशाला लागून असलेली गुजरात आणि मध्य प्रदेश ही दोन्ही होती. हेच प्रमाण आपल्याकडे धरलं, तर ६० मुलांच्या वर्गात दोन मुलं अशी असणार. त्यातही ती बहुधा गप्प बसणारी असतात. दंगा करणाऱ्याची तक्रार घरी जाते, घाबरणाऱ्याची कोण करणार?

खानदेशातल्या मुलांच्या भीतीची काही कारणं इथल्या मातीतली आहेत. त्यातलं एक मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्याबद्दल बोललंच जात नाही. धुळे, अमळनेर, पारोळा, साक्री, शिंदखेडा या पट्ट्यात घरची बोली अहिराणी. रावेर-यावल-भुसावळकडे लेवा बोली. सातपुड्याच्या पायथ्याला पावरी, भिलोरी. सहा वर्षांचं मूल शाळेत येतं तेव्हा तोंडात ‘शाया’, ‘केयं’, ‘डोया’ असतात. ते पहिल्यांदा मोठ्याने वाचतं आणि वर्ग हसतो. कधी कधी गुरुजीही हसतात, बहुतेक वेळा प्रेमाने. पण मुलाला त्यातलं प्रेम कळत नाही. त्याला एवढंच कळतं की तोंड उघडलं की हसू होतं. मग ते मागच्या बाकावर सरकतं, उत्तर येत असूनही हात वर करत नाही, वाचनाचा तास असला की पोटात कळ. काही वर्षांनी हेच मूल ‘अभ्यासात कच्चं’ ठरतं. ज्या शिक्षकांना अहिराणी येते त्यांनी पहिल्या महिन्यात मुलाशी त्याच्याच बोलीत चार वाक्यं बोलावीत, इतका साधा उपाय आहे. गावोगाव असे शिक्षक आहेत.

आश्रमशाळेत जाणाऱ्या मुलांचं दुःख वेगळं. चोपडा, यावल, शिरपूरच्या पाड्यांवरून पहिली-दुसरीतली मुलं निवासी शाळेत येतात. आईपासून तुटण्याची चिंता त्या वयात स्वाभाविक आहे; त्यात भाषा परकी, अंथरूण परकं, रात्री उठवणारं कोणी नाही. अंथरुणात लघवी होणं, जेवण टाकणं, सुट्टीहून परत यायला नकार देणं, या सगळ्याला शिस्तीचा प्रश्न समजलं जातं. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या घरात उलटं होतं: आई-वडील दिवाळीनंतर निघून जातात आणि मूल आजीजवळ राहतं. अशा मुलाला ‘लवकर येऊ’ म्हणण्यापेक्षा भिंतीवर कॅलेंडर टांगून परतीचा महिना दाखवावा आणि फोनचा वार ठरवून तो पाळावा. आई-बाप नाहीत यापेक्षा ते कधी येणार हे माहीत नाही, याने मूल जास्त पोखरलं जातं.

आणि घरातली कुजबुज. कापसाचा भाव पडला, गारपिटीने केळी आडवी झाली, सोसायटीचं कर्ज थकलं, हे बोलणं मुलं झोपली असं समजून रात्री होतं. दहा-बारा वर्षांचं मूल जागं असतं. त्याला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं ते मनाने पुरं करतं. ते नेहमी खऱ्याहून भयंकर असतं. शेजारच्या गावातल्या शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी त्याने ऐकलेली असते. वडिलांना शेतातून यायला उशीर झाला की त्याच्या डोक्यात काय येत असेल, याचा विचार आपण करत नाही. त्याला सगळा हिशोब सांगायची गरज नाही. “यंदा पैशाची ओढ आहे, आम्ही मोठी माणसं त्यातून वाट काढतोय, ते तुझं काम नाही,” एवढं खरं वाक्य त्याला झोपवायला पुरतं.

कधी भीतीमागे खरोखर घडलेला प्रसंग असतो. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी रातोरात चाळीसगावात घुसलं. अशा पुरातून गेलेलं मूल पुढच्या वर्षी आभाळ भरून आलं की थरथरू शकतं. आणि काही वेळा धोका आजही चालू असतो: वाटेत छेड काढणारी टोळी, मारणारा शिक्षक, घरातलाच एखादा नातेवाईक. म्हणून भीतीचा उपचार करण्याआधी, मुलाला एकट्याने, शांतपणे, दोन-तीनदा विचारलंच पाहिजे: कोणी मारतं का, कोणी नको तिथे हात लावतं का? उत्तर हो आलं, तर मुलाच्या मनाला शिकवण्याचा प्रश्नच नाही. तो धोका थांबवायचा. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक त्याकरताच आहे.

परीक्षेचं सर्वांना माहीत आहे, पण आकडा ऐकण्याजोगा आहे. एनसीईआरटीने २०२२ मध्ये देशभरातल्या ३ लाख ७९ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा ८१ टक्के मुलांनी चिंतेचं कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांची नावं घेतली.

आता घरात काय करायचं ते. घाबरलेल्या मुलाशी आपण दोनपैकी एका तऱ्हेने वागतो. एक म्हणजे दटावणं: “घाबरट कुठला, त्यात काय घाबरायचं?” दुसरी म्हणजे सोडवणं: “राहू दे, आज नको जाऊस.” बहुतेक घरांत वडील पहिलं करतात, आई आणि आजी दुसरं, आणि मुलावरून त्यांचंच भांडण होतं. दटावल्याने मूल भीती लपवायला शिकतं. सोडवल्याने त्या क्षणी सर्वांनाच हायसं वाटतं, आणि नेमकी तिथेच भीती पक्की होते. शाळा टळली, कळ थांबली. मेंदूने नोंद केली, की शाळा खरंच धोक्याची होती आणि पळाल्यामुळे वाचलो. दुसऱ्या दिवशी आरोळी आणखी मोठी. मूल धोक्यासमोर थांबलं असतं तर त्याला दुसरी गोष्ट कळली असती: छाती धडधडते, शिखराला पोचते आणि मग काहीही न करता आपोआप उतरते. हे सांगून कळत नाही. अनुभवावंच लागतं.

येल विद्यापीठातले एली लेबोविट्झ यांनी यावरून एक वेगळी पद्धत बांधली. त्यात मुलाला बोलावतच नाहीत, फक्त आई-वडिलांना शिकवतात. भीतीपायी घरातले जे जे मुलासाठी करत असतात (त्याच्या वतीने बोलणं, रोज शेजारी झोपणं, शंभरदा खात्री देणं), ते हळूहळू कमी करायचं, आणि प्रत्येक वेळी मुलाला दोन गोष्टी एकत्र सांगायच्या: तुला वाटणारी भीती खरी आहे, आणि तू ती सोसू शकतोस. ७ ते १४ वर्षांच्या १२४ मुलांवरचा हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या फक्त पालकांना शिकवलं ती मुलं, स्वतः उपचार घेणाऱ्या मुलांइतकीच सुधारली. मला हे निष्कर्ष खानदेशासाठी फार मोलाचे वाटतात. तालुक्याच्या गावी बालमानसतज्ज्ञ मिळत नाही, आई-वडील मात्र घरोघरी आहेत.

दप्तर भरताना पोट दुखणाऱ्या त्या मुलाचंच घ्या. आधी डॉक्टरांकडून पोट तपासून घ्यावं. जंत, बद्धकोष्ठता, रक्त कमी असणं, मुलीची पाळी, हे सगळं पाहावं. त्यात काही नसेल, तर त्याच्या शेजारी बसून म्हणावं, “तुले भ्याव वाटस, माले समजस. मी तुना संगे फाटकलोंग येस.” आणि खरंच जावं. पहिले काही दिवस फाटकापर्यंत. मग वर्गाच्या दारापर्यंत. मग एक तास बसून परत. मग मधल्या सुट्टीपर्यंत. वाचायची भीती असेल तर आधी घरी म्हशीपुढे वाचावं, मग आजीपुढे, मग एका मित्रापुढे, मग गुरुजींपुढे एकट्याने, मग वर्गात एकच ओळ. पायरी मुलाने निवडावी. ती अशी हवी की भीती वाटेल, पण झेपेल. एक पायरी सोपी होईपर्यंत तिच्यावरच थांबावं. मागे मात्र फिरू नये. एखाद्या दिवशी फाटकापाशी रडणं आवरलंच नाही, तर फाटकापाशीच थांबावं, श्वास सावकाश सोडायला लावावा (घेण्याहून सोडायला जास्त वेळ), आणि रडणं उतरल्यावर घरी यावं. ते चढणीवर असताना नव्हे. पायरी जमली की कौतुक धाडसाचं करावं. “घाबरला नाहीस” म्हणू नये, कारण तो घाबरला होता. “घाबरलास तरी गेलास,” हे खरं आहे आणि मुलाला ते पुरतं.

एक सावधगिरी. शाळा बुडाल्याचे दिवस जितके जास्त, तितकं परतणं अवघड. दिवाळी, गणपती किंवा आजारपणानंतर असं होत असेल, तर पहिल्याच आठवड्यात हालचाल करावी, ‘महिनाभर विश्रांती’ देऊ नये.

शाळेला यात मोठा वाटा उचलता येतो, आणि तो उचलावा अशी कायद्याचीही अपेक्षा आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे. वर्गासमोर गुण वाचून दाखवणं, बोलीवरून हसणं, घाबरणाऱ्याला मुद्दाम उभं करणं, हे मुलांसाठी छळाच्या जवळ जातं. उलट एखाद्या शिक्षकाने सकाळी दारात उभं राहून नावाने हाक मारली, वाचनाची ओळ आदल्या दिवशी सांगून ठेवली, तर निम्मं काम होतं. दहावीच्या परीक्षेआधी मुलांना केंद्राची इमारत एकदा दाखवून आणावी. अनोळखी जागेचा धाक त्याने कमी होतो.

दृष्ट, ताईत, उतारा यांबद्दल. आजीने मीठ-मोहरी ओवाळली तर मुलाचं काही बिघडत नाही. कोणीतरी आपल्यासाठी काही करतंय, हे त्याला कळतं. माझा विरोध आहे तो भगताच्या अंगाऱ्याला, माराला, धुरीला, आणि त्यात जाणाऱ्या महिन्यांना. ‘बाहेरचं’ म्हटलं की मुलाला एक नवी, कुणी न पाहिलेली भीती मिळते, आणि तिच्यावर त्याला पायरी बांधता येत नाही.

घरचे प्रयत्न महिना-दीड महिना करूनही फरक पडला नाही, मूल खात-झोपत नसेल, किंवा मरणाबद्दल बोलू लागलं (यात एक दिवसही थांबू नये), तर डॉक्टर हवेत. जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आणि धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे; केसपेपर काढून दाखवता येतं. लोक गोळ्यांना घाबरतात, म्हणून हा आकडा सांगतो. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७ ते १७ वर्षांच्या ४८८ मुलांना १२ आठवडे उपचार दिले. पायऱ्यांनी भीतीला सामोरं जाणं शिकवणाऱ्या बोलण्याच्या उपचाराने सुमारे ६० टक्के मुलं चांगली सुधारली, सर्ट्रालिन या गोळीने ५५ टक्के, दोन्ही मिळून ८१ टक्के, आणि नुसत्या बिनऔषधी गोळीने २४ टक्के. सर्ट्रालिन झोपेची गोळी नाही, तिची चटक लागत नाही. मात्र ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची, विशेषतः सुरुवातीचे आठवडे मुलाकडे लक्ष ठेवून, आणि मनाने बंद करायची नाही.

सातपुड्याच्या पायथ्यावरून जिल्ह्याच्या गावी यायचं तर एका दिवसाची मजुरी बुडते, हे मान्य आहे. त्यासाठी सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेलिमानस ही फोनवरची मानसिक आरोग्य सेवा सुरू केली. क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं. तुमच्या घरात किंवा वर्गात असं एखादं मूल असेल, तर पुढच्या सोमवारची वाट न पाहता फोन करा.